नामाला क्रियापद कोणते लागते?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील खासबाग मैदानात 'कुस्ती' या एकाच नामाला अनेक क्रियापदे लागतात. संयोजक कुस्ती जोडतात, पंचांच्या इशाऱ्यावर ती लागते, पैलवान ती मारतो आणि निकाल होईना तर ती बरोबरीत सोडवतात. नाम तेच, जुळवणी, आरंभ, विजय, बरोबरी हा फरक क्रियापदाने कळतो. 'कुस्ती मारणे' यात मारहाण उरलेली नाही. मूळ अर्थ बराचसा सोडून नामाच्या आधाराने चालणाऱ्या अशा इंग्रजी क्रियापदांना डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1942 मध्ये 'लाइट व्हर्ब', म्हणजे हलके क्रियापद, असे नाव दिले.

इंग्रजीत हे काम मुख्यतः टेक, मेक, डू, हॅव, गिव्ह यांच्याकडे असते. गृहपाठाला 'डू', चुकीला 'मेक', फोटोला 'टेक', स्वप्नाला 'हॅव'. मराठीत गृहपाठ आणि चूक दोन्ही करतात, फोटो काढतात, स्वप्न मात्र पडते. म्हणूनच मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी 'डू अ मिस्टेक' येते. त्याला 'डू'चा अर्थ ठाऊक असतो, 'मिस्टेक'ची सोबत ठाऊक नसते.

या जोड्या निव्वळ लहरी नाहीत. घटनेकडे कोणाच्या बाजूने पाहायचे, हे क्रियापद ठरवते: एकजण मार देतो, दुसरा मार खातो. इंग्रजीतही 'बीटिंग' एकाकडून 'गिव्ह' होते, दुसऱ्याकडून 'टेक'. परीक्षेत मात्र दोन्ही भाषा समोरासमोर येतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थ्यासाठी 'टेक' वापरतात, शिक्षकासाठी 'गिव्ह'. 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' ही भारतीय इंग्रजीतील रचना इथूनच आली.

उसने नाम येताना आपले क्रियापद क्वचितच बरोबर आणते. कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल भिनलेला आहे. तिथे पेनल्टी मारतात, फाउल करतात. इंग्रजीत पेनल्टीला 'टेक' आणि फाउलला 'कमिट' लागते.

इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरल्ड पामर यांनी इंग्रजीतील अशा शब्दजोड्यांचा अहवाल 1933 मध्ये टोकियोत प्रसिद्ध केला. मराठीला अशा जोड्यांची नोंद त्याआधीच लाभली होती, याची दखल फारशी घेतली जात नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक नामांपुढे त्यांना लागणारी 'कर', 'दे', 'घे' अशी क्रियापदे नोंदवली आहेत. इंग्रजी शिकणाऱ्याने वहीत तसेच करावे: नवे नाम लिहिताना त्याचे क्रियापद शेजारीच लिहून ठेवावे.