बर्फाच्या गुहेतलं वांगं

नव्वदच्या दशकात टीव्हीला कॅसेटचा व्हिडिओ गेम जोडून ‘मारिओ’ खेळलेल्यांना त्यातल्या स्टेज अजून पाठ असतात. कुठली वीट फोडली की नाणं निघतं, कुठल्या नळीतून खाली उतरता येतं, हे बोटांनाच ठाऊक. अमेरिकेतल्या डेरेक यू या गेम बनवणाऱ्याने २००८ साली खेळाडूचा हा पाठांतराचा आधारच काढून घेतला.

त्याचा ‘स्पेलंकी’ हा खेळ आधी संगणकावर फुकट मिळत होता. २०१२ मध्ये नव्या रूपात एक्सबॉक्सवर आला. गुहेत शिरायचं, सोनं-हिरे गोळा करायचे, खाली उतरत जायचं. जवळ चार बॉम्ब, चार दोर. मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा गुहाच वेगळी. ही कल्पना १९८०च्या ‘रोग’ या खेळाची. यूने तिला मारिओच्या उड्यांशी जोडलं.

गुहा दर वेळी नवी, तरी ती अन्याय करत नाही. यामागची रचना मला फार सुंदर वाटते. प्रत्येक स्टेज म्हणजे चार बाय चार अशा सोळा खोल्या. वरच्या ओळीतली एक खोली निवडून संगणक फासा टाकतो: पाचपैकी दोन दानं डावीकडे, दोन उजवीकडे, एक खाली. भिंत आडवी आली तरी खालीच. तळाशी पोचला की तिथे दरवाजा. म्हणजे बाहेर पडायची वाट आधी आखली जाते, बाकीची गुहा तिच्याभोवती उभी राहते. उरलेल्या खोल्यांना वाट असेलच असं नाही. तिथलं सोनं हवं तर बॉम्ब किंवा दोर खर्चा. हाव किती धरायची, हे खेळाडूने ठरवायचं. रेंगाळलात तर अडीच मिनिटांनी भूत येतं. ते रत्नांवरून गेलं की त्यांचे हिरे होतात, म्हणून काही जण मुद्दाम त्याची वाट बघतात!

खाण आणि जंगल ओलांडल्यावर बर्फाच्या गुहा लागतात. इथे तळच नाही. पाय घसरला की थेट अथांग दरी. बर्फावर थांबायचं म्हटलं तरी पावलं पुढे सरकतात, पायाखाली सुरुंग, समोर हिममानव आणि उडत्या तबकड्या. खिळ्यांचे बूट मिळाले तर जीव भांड्यात पडतो. नकाशा पाठ करून इथे भागत नाही. बर्फाचा स्वभावच ओळखावा लागतो. याच गुहेत दगडी मोआई मूर्तीच्या पोटात एक मुकुट आहे. तो मिळवायचा रुळलेला मार्ग म्हणजे पुनर्जन्म देणारा ताईत जवळ ठेवून मुद्दाम मरायचं. जाग येते ती मूर्तीच्या आत. नरकाचं दार उघडायला हा मुकुट लागतो, आणि त्या नरकात बसलाय आपला यमराज.

वाटेत कालीच्या वेद्याही आहेत. तिथे भेटवस्तूचा खोका वाहिला की प्रसाद म्हणून वांगं मिळतं. ते कशावर आदळलं की फुटतं, आणि वाटेत त्याचा उपयोग शून्य. २०१३ साली एका खेळाडूने ते एकट्याने, घसरड्या बर्फावरून, स्वतःच्या मरणातून आणि नरकाच्या लाव्हावरून जपत नेलं आणि यमाच्या तोंडावर फेकलं. यमाचं तोंड वांग्याचं झालं.