खेळाचं यंत्र की हातातला मोबाइल?

सुट्टी लागली की घरोघरी मोबाइलवरून ओढाताण सुरू होते. मग कुणीतरी सुचवतं, "मुलाला खेळायचं वेगळं यंत्रच घेऊन दे की!" पण हातात मोबाइल असताना अशा यंत्राचा टिकाव लागतो का? आज त्याविषयी बोलू.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८९ मध्ये 'गेम बॉय' आणला. चार पेन्सिल सेल, छोटा पडदा आणि मोजकी बटणं. आपल्याकडे जत्रेत विटा रचायचा गेम मिळायचा, आठवतो ना? तो मूळचा 'टेट्रिस'. गेम बॉयच्या लोकप्रियतेत या खेळाचा मोठा वाटा होता. पुढं २००४ मध्ये आलेला 'निन्टेन्डो डीएस' तर १५ कोटींहून जास्त विकला गेला.

मग २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढच्या वर्षी त्यावर ॲपचं दुकान उघडलं. फुकट खेळ खिशात आल्यावर वेगळं यंत्र कोण घेणार? निन्टेन्डोनं २०११ मध्ये 'थ्रीडीएस' २५,००० येनला आणला आणि सहा महिन्यांच्या आत किंमत १५,००० वर उतरवली. सोनीच्या 'व्हिटा'चं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं.

सगळे म्हणाले, हा धंदा बुडाला. पण २०१७ मध्ये निन्टेन्डोचा 'स्विच' आला. हातात धरून खेळा, नाहीतर टीव्हीला जोडा. बाजूची बटणं सुटी करून दोघांनी मिळून खेळा. त्याचीही विक्री १५ कोटींच्या पुढं गेली. मोबाइलशी त्याच्याच मैदानात न लढता त्यानं मोबाइलला न जमणारं दिलं. काचेवर खेळताना बोटाखाली चित्रच झाकतं. बटण मात्र न बघताही दाबता येतं. शिवाय मारिओसारखे निन्टेन्डोचे मोठे खेळ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर मिळत नाहीत.

आपल्या दृष्टीनं खरा मुद्दा पैशाचा आहे. यंत्रावरच्या बहुतेक मोठ्या खेळांचे पैसे आधी मोजावे लागतात, आणि अनेक खेळांना शेवट असतो. मोबाइलवरचा फुकट खेळ कमावतो जाहिरातींतून आणि आतल्या छोट्या-छोट्या खरेदीतून. म्हणून तो संपू नये, अशीच त्याची रचना असते. त्याच मोबाइलमध्ये आपलं बँकेचं खातं असतं, हे विसरू नका.

म्हणजे यंत्र घ्यायलाच हवं का? मुळीच नाही. ते महाग असतं, खेळही वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि त्यावरही वेळेचं बंधन आपल्यालाच घालावं लागतं. मोबाइलच द्यायचा असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा. पेमेंटचा पिन मुलांना सांगू नका. आणि खेळ देण्याआधी दहा मिनिटं स्वतः खेळून बघा. तो पैसे कुठं मागतो, ते लगेच कळेल.