रात्रीच्या अभ्यासिकेचा पहारा

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला होता. पदव्युत्तर शिक्षण घेता घेता त्याने विद्यापीठाच्या ग्रंथालयातील अभ्यासिकेत रात्रीच्या देखरेखीचे काम पत्करले आहे. कामाचे स्वरूप सांगताना तो सहज म्हणाला, "सर, अवघड असं काही नाही. रात्रभर नुसतं बसायचं." मला हसू आले. सुमारे वीस वर्षांपूर्वी, शिकत असताना, महाराष्ट्रातील एका विद्यापीठात हेच काम मी दोन वर्षे केले आहे. आणि पहिल्या रात्री माझीही समजूत अगदी हीच होती. श्रोतेहो, त्याला त्या दिवशी जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने आपणांस सांगावे असा विचार आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ग्रंथालय आणि अभ्यासिका या दोन गोष्टी एक नव्हेत. रात्री ग्रंथांची दालने कुलूपबंद असतात, देवघेव थांबलेली असते. उरते ती एक मोठी खोली, काही टेबले, खुर्च्या, पंखे आणि दिवे. रात्री अकरा वाजता जो विद्यार्थी तेथे येतो तो ग्रंथासाठी येत नाही, जागेसाठी येतो. ज्याला घरी स्वतःची खोली आहे, तो सहसा येत नाही. येतो तो वसतिगृहाच्या एकाच खोलीत तिघाचौघांबरोबर राहणारा, नाहीतर दोन खोल्यांच्या घरात काकांकडे राहून शिकणारा. त्या घरी दहा वाजता दिवा मालवला गेला की याच्या अभ्यासाचा दिवसही मावळतो. मुंबईत वरळीला चाळींतील मुले रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकत आली आहेत. त्या रस्त्याला लोकांनी 'अभ्यासगल्ली' हेच नाव दिले. गल्लीला असे नाव पडणे ही अभिमानाची गोष्ट मानतात, आणि ती आहेही. पण घरात जागा नाही ही गोष्टही त्या नावातच लिहिलेली आहे. माझ्या वेळी, म्हणजे २००५ नंतरच्या त्या काही वर्षांत, महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर होता. विद्यापीठात जनित्र होते, म्हणून वीज गेली की आमच्या सव्वाशे खुर्च्या भराभर भरत.

मुली मात्र रात्री जवळजवळ नसतच. त्यांना अभ्यास नको होता असे नव्हे. त्यांच्या वसतिगृहाचे दार रात्री लवकर बंद होई आणि ते सकाळपर्यंत उघडत नसे. दाराबाहेरच्या पाटीवर 'सर्व विद्यार्थ्यांसाठी रात्रभर खुली' असे लिहिलेले होते. त्या 'सर्व' शब्दाचा विचार त्या वेळी आमच्यापैकी कोणी केला नाही, मीही नाही.

रात्री वाचनासाठी जागा खुली ठेवणे ही कल्पना तशी फार जुनी नाही, कारण ती दिव्यावर अवलंबून आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमचे प्रसिद्ध गोल वाचनालय १८५७ साली उघडले. परंतु आगीच्या भयाने तेथे दिवे लावीत नसत. हिवाळ्यात अंधार पडला किंवा दाट धुके उतरले की वाचकांना पुस्तके मिटून घरी जावे लागे. १८७९ साली तेथे विजेचे दिवे आले आणि वाचकांचा दिवस लांबला. १९२० नंतरच्या काळात डॉ. आंबेडकर याच वाचनालयात बसून अभ्यास करीत. ज्या बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते त्यापूर्वी, १९१३ साली, अमेरिकेस गेले होते, त्या बडोद्यातील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत काचेच्या जमिनी आहेत. वरच्या मजल्याचा उजेड पुस्तकांच्या फडताळांमधून खालपर्यंत झिरपावा, ही त्यामागील योजना. आणि ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडील आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम सांगितले त्यांतला पहिलाच असा की ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. याच नियमाखाली त्यांनी ग्रंथालयाच्या वेळांचाही विचार केला आहे. दार बंद असेल तर ग्रंथ कितीही असले तरी ते नसल्यासारखेच.

आता देखरेख करणाऱ्याचे काम. रात्री दहाला येऊन दिवसपाळीच्या माणसाकडून किल्ल्या व नोंदवही घ्यावयाची. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नाव लिहून घ्यावयाचे. दर तासाला एक फेरी मारून डोकी मोजावयाची. ही झाली लेखी कामे. अलिखित कामे पुष्कळ. एकाला पंखा हवा असतो, त्याच्या शेजाऱ्याच्या वह्यांची पाने उडत असतात. कोणी रुमाल, कोणी पाण्याची बाटली, कोणी नुसतेच एक पुस्तक ठेवून जागा धरतो आणि दोन तास चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. उभ्या असलेल्या मुलाला ती खुर्ची द्यावी की नाही, याचा निवाडा जागच्या जागी करावा लागतो. मी अर्ध्या तासाची मुदत ठरविली होती. रुमालावर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवीत असे. अर्धा तास उलटला की सामान उचलून माझ्या टेबलावर. पहिल्या आठवड्यात भांडणे झाली, नंतर झाली नाहीत.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या महिन्यातच भांडून करून घेतली. रात्री बाराला दाराचे सरकते लोखंडी फाटक ओढून कुलूप लावण्याची तेथे रीत होती. किल्ली पहारेकरी मामांच्या खिशात, आणि मामा आवाराच्या फेरीवर. आत शंभर मुले, जुन्या तारा, एकच वाट! फाटक ओढलेले राहू द्या, पण कुलूप नको, असा आग्रह मी धरला. मामांना तो पटला, वरिष्ठांना पटावयास वेळ लागला. आजही कोणत्याही अभ्यासिकेत रात्री गेलो तर मी आधी बाहेर पडण्याची वाट पाहतो, मग खुर्ची.

बारा ते दोन हा काळ सर्वांत सुंदर. पानांचा आवाज, पेनांची कुरकुर, मधूनच कोणाची तरी दबलेली खोकल्याची उबळ. दोनच्या पुढे दालन विरळ होऊ लागते. तीन वाजले की माना पेंगू लागतात, आणि साडेतीन ते पाच हा खरा कठीण काळ येतो. तो विद्यार्थ्यांना कठीण, आणि देखरेख करणाऱ्याला त्याहून कठीण. याचे कारण आळस नव्हे. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २०,००० पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तोच शरीराचे घड्याळ चालवितो. त्याच्या हुकमाने शरीराचे तपमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली येते, आणि अवधानही त्याबरोबर उतरते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा उलगडा फळमाश्यांवर प्रयोग करून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांनी केला. त्याबद्दल त्यांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सवयीने हे घड्याळ फिरविता येईल असे पुष्कळांस वाटते. १९३८ साली नॅथॅनियल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ एका तरुण सहकाऱ्यास घेऊन अमेरिकेतील केंटकी संस्थानातल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. सूर्यप्रकाश नाही, बाहेरचा आवाज नाही. तेथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याचे शरीर त्या दिवसाशी बरेचसे जुळले. क्लाइटमन यांचे शरीर मात्र २४ तासांचाच हेका धरून बसले. आमच्या पहारेकरी मामांनी रात्रपाळीत अठरा वर्षे काढली होती. "सवय झाली असेल," असे मी एकदा म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "सवय जागायची होते, सर. झोपायची जाते."

आता ज्या घटनेसाठी मी हे सारे सांगत आहे ती सांगतो. भिंतीवर एक पाटी होती : 'अभ्यासिकेत झोपण्यास सक्त मनाई आहे.' एप्रिलचे परीक्षेचे दिवस होते. टेबल क्रमांक सातवर बसणारा शेवटच्या वर्षाचा एक मुलगा सलग तिसरी रात्र जागत होता. दीड वाजता त्याची मान टेबलावर गेली, मी उठविले. अडीचला पुन्हा उठविले. साडेतीनला तिसऱ्यांदा उठविले, तेव्हा तो म्हणाला, "सर, दहाच मिनिटं." मी पाटीकडे बोट दाखविले. त्याने वह्या गोळा केल्या व निघून गेला. खोलीवरचे त्याचे सोबती परीक्षा संपवून गावी गेलेले होते. गजर लावून तो आडवा झाला. पेपर दहाचा होता; त्याला जाग आली तेव्हा पावणेबारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला हे सांगितले आणि म्हणाला, "इथंच झोपू दिलं असतंत, तर सकाळी कुणीतरी उठवलं तरी असतं." त्याचे म्हणणे खरे होते. साडेतीनला सव्वाशे खुर्च्यांपैकी चाळीसही भरलेल्या नव्हत्या. तो कोणाची जागा अडवीत नव्हता. नियम रात्री अकराला बरोबर होता, कारण तेव्हा बाहेर मुले उभी असत. पहाटे साडेतीनला तोच नियम चुकीचा होता, आणि हा फरक ओळखण्यासाठीच तेथे पाटीबरोबर एक माणूसही बसविलेला होता. तो माणूस मी होतो.

त्यानंतर मी झोपेविषयी थोडे वाचले. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलेनबॅक यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूहांच्या दहा-दहांच्या याद्या पाठ करावयास दिल्या. पाठ करून आठ तास जागे राहिल्यावर दहांपैकी जेमतेम एखादा आठवे; आठ तास झोपून उठल्यावर पाच-सहा आठवत. दिवसभरात शिकलेले झोपेत मेंदू पुन्हा घोळवितो व पक्के करतो, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. म्हणजे ज्या मुलाला मी तीन वेळा उठविले, त्याच्या अभ्यासाचे रक्षण करीत आहे असे मला वाटत होते, आणि प्रत्यक्षात तो अभ्यास मी मोडीत होतो.

मग मी एक शंभर पानी वही आणली. तिच्यात दोनच रकाने : टेबल क्रमांक आणि उठविण्याची वेळ. दोननंतर ज्याला डोळा लावावयाचा असेल त्याने लिहून ठेवावे, मी उठवीन. अटी दोन. डोके टेबलावरच टेकावयाचे, जमिनीवर पथारी पसरावयाची नाही. आणि दीड तासापेक्षा अधिक नाही. पहिल्या रात्री कोणी लिहिले नाही. आठवड्याने पान भरू लागले. कोणी वेळेपुढे 'हळू उठवा' असे लिही. एकाने 'नाही उठलो तर पाणी मारा' असेही लिहिले होते. अनुभवाने मला असे दिसले की वीस मिनिटांनी उठविलेला मुलगा चटकन सावरतो, पाऊण तासाने उठविलेला बराच वेळ बावरल्यासारखा बसतो. पुढे वाचनात आले की अर्ध्या तासाच्या आसपास झोप गाढ होऊ लागते आणि गाढ झोपेतून ओढून काढलेल्या माणसाला भानावर यावयास वेळ लागतो. मग मी मुलांना सांगू लागलो की झोपावयाचे तर वीस मिनिटे, नाहीतर पूर्ण दीड तास.

वही वरिष्ठांच्या नजरेस पडली तेव्हा "ही अभ्यासिका आहे, धर्मशाळा नव्हे" असे मला ऐकविण्यात आले. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. दोघेतिघे खरोखरच केवळ झोपावयास येऊ लागले होते, एकाने तर उशीही आणली होती. त्यांना मी परत पाठविले. वही मात्र खणात ठेवून चालू ठेवली. सहा महिन्यांनी टेबल सातचा तो मुलगा राहिलेला पेपर देण्यासाठी पुन्हा येऊ लागला. वहीविषयी त्याला कोणी सांगितले ठाऊक नाही. एके रात्री पाहतो तो त्याच्या अक्षरात लिहिलेले : 'सात, ४.३०.' साडेचारला मी त्याला उठविले. तो तोंड धुऊन आला व वाचावयास बसला.

सकाळी सहाला पाळी संपे. नोंदवहीत शेवटची संख्या लिहावयाची, राहिलेले चष्मे, पेने, छत्र्या उचलून कपाटात ठेवावयाच्या, दिवे मालवून किल्ल्या मामांच्या हाती द्यावयाच्या. खोलीवर जाण्याची घाई त्या वेळी फार असे, आणि धोकाही तेथेच असे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष मद्य घेतलेल्या माणसासारखे चुकू लागतात. दिवसभर तासांना बसून वर रात्रपाळी केलेला माणूस तर तेवीस-चोवीस तासांचा जागा असतो, आणि तो सकाळच्या रहदारीत गाडी घेऊन निघतो. मी एकदा उतारावर सायकलीवरच डुलकी घेतली. गुडघा फुटण्यावर निभावले. तेव्हापासून मामांच्या खोलीत बाकावर अर्धा तास पडून, त्यांच्या हातचा चहा घेऊन मगच मी निघत असे. माझ्या विद्यार्थ्याने नवी मोटारसायकल घेतली आहे. त्याला मी हे दोनदा सांगितले.