उत्तर दारूच्या दुकानातून

4 मार्च 2025 रोजी कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या सरकारी दारू-दुकानांत कर्मचारी फडताळं रिकामी करत होते. केंटकीची बर्बन, टेनेसीची व्हिस्की, कॅलिफोर्नियाची वाइन सगळी खाली उतरली. मालात खोट नव्हती आणि गिऱ्हाइकंही तुटली नव्हती. त्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांचं कॅनडाच्या मालावरचं 25 टक्के आयातशुल्क लागू झालं होतं, आणि प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

आयातशुल्काला उत्तर आयातशुल्कानं द्यायचं असतं. ते ओटावातल्या केंद्र सरकारनं त्याच दिवशी 30 अब्ज डॉलरच्या अमेरिकन मालावर 25 टक्के लावून दिलंही. पण 1867 च्या राज्यघटनेनुसार परदेशी व्यापार हा केंद्राचा विषय आहे. प्रांताला सीमेवर एका पैशाचाही कर लावता येत नाही. मग मुख्यमंत्र्याच्या हातात उरतं काय? प्रांताच्या मालकीचं जे असेल ते: दारूची दुकानं, वीज, सरकारी टेंडरं, रस्त्यावरचा टोल. कॅनडाच्या प्रांतांनी टॅरिफची लढाई याच सामग्रीवर लढवली.

त्यात दारू सर्वांत कामाची ठरली, आणि त्याचं कारण शंभर वर्षं जुनं आहे. दारूबंदी उठवताना बहुतेक प्रांतांनी विक्री स्वतःच्या हातात घेतली. ऑन्टॅरिओचं ‘लिकर कंट्रोल बोर्ड’ 1927 सालचं. प्रांतात बाहेरून येणारी दारू आणायची ती या महामंडळानंच. बारवाला, हॉटेलवाला, किरकोळ दुकानदार, सगळे त्याच्याकडूनच माल उचलतात. जगातल्या मोठ्या दारू-खरेदीदारांत त्याची गणना होते. 35 अमेरिकी राज्यांतली सुमारे 3,600 उत्पादनं आणि वर्षाला जवळपास एक अब्ज कॅनेडियन डॉलरची विक्री मुख्यमंत्र्याच्या एका आदेशानं थांबली. त्यासाठी विधेयक मांडावं लागलं नाही की ओटावाला विचारावं लागलं नाही. आपल्याकडेही दारू राज्यांच्याच अखत्यारीत येते आणि तिला जीएसटीबाहेर ठेवण्यासाठी राज्यं किती हट्टानं भांडली, हे आठवलं की या ताकदीचा अंदाज येईल.

जॅक डॅनियल्स बनवणाऱ्या ब्राऊन-फोरमनच्या प्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, की हे टॅरिफपेक्षा वाईट आहे. बरोबरच होतं त्यांचं. टॅरिफनं बाटली महागते, पण घेणारा घेतो. इथं बाटलीच नाहीशी झाली.

क्वीबेक, ब्रिटिश कोलंबिया, नोव्हा स्कोशिया या प्रांतांनीही तेच केलं. मॅनिटोबाचे मुख्यमंत्री वॅब किन्यू यांनी तर ट्रम्प यांच्या थाटात कॅमेऱ्यासमोर आदेशावर सही केली आणि तो कागद उंच धरून त्यांची हुबेहूब नक्कलही केली.

विजेची गोष्ट मात्र वेगळी झाली. ऑन्टॅरिओची वीज न्यूयॉर्क, मिशिगन आणि मिनेसोटा या तीन राज्यांत जाते. 10 मार्चला फोर्ड यांनी तिच्यावर 25 टक्के अधिभार लावला. पंधरा लाख घरं आणि उद्योगांना त्याची झळ बसेल, असं त्यांचं गणित होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्प यांनी जाहीर केलं, की कॅनडाच्या पोलाद-ॲल्युमिनियमवर ठरलेलं 25 टक्के शुल्क आता 50 टक्के करतो. दुपारपर्यंत फोर्ड आणि अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक यांचं बोलणं झालं, अधिभार स्थगित झाला आणि 50 चं पुन्हा 25 झालं. वीज-अस्त्र जेमतेम दीड दिवस टिकलं.

त्यातली गोम अशी, की पोलादाचे मोठे कारखाने ऑन्टॅरिओतच आहेत, हॅमिल्टनला आणि सू सेंट मरीला. म्हणजे फोर्ड यांनी हात उगारला आणि फटका त्यांच्याच मतदाराला बसणार होता. एवढं करून जे टाळलं, ते फार दिवस टळलं नाहीच: 4 जूनला पोलाद-ॲल्युमिनियमवरचं शुल्क 50 टक्के झालं, तेही विजेचा विषय कुणी काढलेला नसताना. तडजोडीचा फायदा किती टिकतो, याचा हा चांगला नमुना आहे.

आता अल्बर्टा. अमेरिकेला खरोखर कळ लागावी असं काही कॅनडाकडे असेल, तर ते अल्बर्टाचं तेल. रोज चाळीस लाख बॅरलच्या आसपास कॅनेडियन तेल अमेरिकेत जातं आणि तिथल्या मध्य-पश्चिम भागातल्या रिफायनऱ्या याच जड तेलासाठी बांधलेल्या आहेत. म्हणूनच ट्रम्प यांनीही ऊर्जेवर 25 ऐवजी 10 टक्केच लावले. पण 15 जानेवारीला तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो आणि सगळ्या मुख्यमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनावर एकच सही नव्हती, ती अल्बर्टाच्या डॅनिएल स्मिथ यांची. तेलावर निर्यातकर किंवा निर्यातबंदीची भाषा त्यांना मान्य नव्हती. त्याआधी काही दिवस त्या फ्लोरिडात ट्रम्प यांना भेटूनही आल्या होत्या. बाकी देशात त्यांच्यावर फुटीरपणाचा शिक्का बसला.

मला तो पूर्ण न्याय्य वाटत नाही. 1980 साली ट्रुडो यांच्या वडिलांच्या, पिअर ट्रुडो यांच्या सरकारनं राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणून अल्बर्टाच्या तेलाच्या किमती आणि उत्पन्नावर हात टाकला होता. ते तिथं अजून कुणी विसरलेलं नाही. देशासाठी त्याग करायची वेळ आली की तो आपल्याच खिशातून, ही भावना निवडणूक जिंकून देण्याएवढी पक्की आहे. शिवाय एक भौगोलिक अडचण होती. अल्बर्टाचं तेल ऑन्टॅरिओत पोचवणारी एक मुख्य पाइपलाइन विस्कॉन्सिन-मिशिगनमधून, म्हणजे अमेरिकेच्याच जमिनीतून जाते. नळ बंद करायचा म्हटला तर शेजाऱ्याबरोबर आपलंही घर कोरडं पडणार.

दारूच्या बाबतीतही अल्बर्टाची वाट निराळी. तिथली किरकोळ दुकानं 1993 मध्येच खाजगी झाली होती, सरकारकडे उरला होता घाऊक पुरवठा. तो मार्चमध्ये रोखला गेला आणि जूनमध्ये पुन्हा सुरूही झाला.

नोव्हा स्कोशियाचे मुख्यमंत्री टिम ह्यूस्टन यांनी कोबेक्विड खिंडीतल्या रस्त्यावर अमेरिकन मालवाहू गाड्यांचा टोल दुप्पट केला. दोनच आठवड्यांत तो टोलनाकाच बंद करून टाकला. लक्षात राहावं असं त्यांनी केलं ते दुसऱ्या आघाडीवर: प्रांताप्रांतांतल्या भिंती पाडायचा कायदा आणला.

या भिंती आपल्याला चटकन कळतील. मुंबईतली जकात 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा कुठं गेली. कॅनडात नाके दिसत नाहीत, पण प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे. ट्रकचं वजन, नर्सचा परवाना, दारूचा साठा, सगळ्यांचे. 2012 साली न्यू ब्रन्सविकमधल्या एका निवृत्त माणसानं शेजारच्या क्वीबेकमधून स्वस्त बिअरच्या चौदा पेट्या आणल्या, म्हणून त्याला 292 डॉलर 50 सेंट दंड झाला. ‘एका प्रांताचा माल दुसऱ्यात मुक्तपणे जाईल’ असं घटनेच्या 121 व्या कलमात असूनही 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रांताच्याच बाजूनं कौल दिला. अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं या अडथळ्यांवर कंठशोष करत होते. ट्रम्प यांच्या शुल्कानं जे काही महिन्यांत हललं, ते त्यांच्या अहवालांनी हललं नव्हतं. जून 2025 मध्ये केंद्रानं आपल्या बाजूचे अडथळे दूर करणारा कायदा केला आणि बहुतेक प्रांतांनी एकमेकांच्या गिऱ्हाइकांना थेट दारू पाठवू देण्याचं ठरवलं.

पण एकीचं हे चित्र फार रंगवू नये. सप्टेंबरच्या सुरुवातीला फोर्ड यांनी पत्रकारांसमोर ‘क्राऊन रॉयल’ व्हिस्कीची बाटली उलटी धरून ओतून दाखवली. मालक कंपनी दियाजिओ ऑन्टॅरिओतला बाटल्या भरण्याचा कारखाना बंद करणार होती, त्याचा हा निषेध. पण ती व्हिस्की बनते मॅनिटोबातल्या गिमली गावात. किन्यू यांना जाहीरपणे विनवावं लागलं, की बाबा, आमच्या पोटावर पाय देऊ नका. अमेरिकेसाठी घासलेलं हत्यार असं घरातच फिरलं.

फोर्ड यांचं सगळंच राजकारण या काळात टॅरिफवर चाललं. निवडणूक जून 2026 मध्ये असताना त्यांनी ती 27 फेब्रुवारी 2025 लाच घेतली, ट्रम्प यांच्याशी लढायला कौल हवा म्हणून. 124 पैकी 80 जागा मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये स्टेलान्टिसनं ब्रॅम्प्टनला ठरलेली जीपची निर्मिती अमेरिकेतल्या इलिनॉयला हलवत असल्याचं सांगितलं. टोरांटोच्या या उपनगरात आणि शेजारच्या मिसिसागात मराठी कुटुंबंही बरीच आहेत, त्यांनाही ही बातमी परकी नव्हती. त्याच महिन्यात फोर्ड सरकारची साडेसात कोटी डॉलरची जाहिरात अमेरिकन टीव्हीवर गाजत होती. आयातशुल्काचे तोटे सांगणारं रोनाल्ड रेगन यांचं 1987 चं रेडिओ भाषण तिच्यात वापरलं होतं. 23 तारखेला ट्रम्प यांनी याच जाहिरातीवरून कॅनडाशी चाललेली बोलणी तोडली. तरीही फोर्ड यांनी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचे पहिले दोन सामने जाहिरात चालू ठेवली. नंतर पंतप्रधान मार्क कार्नी यांना ट्रम्प यांची माफी मागावी लागली. ही जाहिरात दाखवू नका असं आपण फोर्डना सांगितलं होतं, हेही त्यांनी उघड केलं.

प्रांताला टॅरिफ लावता येत नाही, तसंच वाटाघाटीच्या टेबलावरही बसता येत नाही. तिथं जे बिघडतं ते निस्तरायचं केंद्रानं. मुख्यमंत्र्याला हिशेब द्यायचा असतो तो फक्त हॅमिल्टनच्या नाहीतर कॅलगरीच्या मतदाराला.

अमेरिकन दारूवरची बंदी मात्र बहुतेक ठिकाणी टिकली. केंद्रानं 1 सप्टेंबरला आपली बरीचशी प्रत्युत्तरी शुल्कं मागे घेतली, तरी ऑन्टॅरिओची फडताळं अमेरिकन मालाविनाच राहिली. अमेरिकेचे राजदूत पीट होकस्ट्रा यांनी जुलैमध्येच बोलून दाखवलं होतं, की ट्रम्प यांना कॅनडाचा राग येण्यामागं ही दारूही आहे. वर्षअखेरीस नोव्हा स्कोशिया आणि मॅनिटोबानं गोदामात अडकलेल्या बाटल्या नाताळापूर्वी विकायला काढल्या. त्यातली कमाई धर्मादाय कामाला दिली, आणि नवा अमेरिकन माल मागवणार नाही हेही त्याच वेळी सांगून टाकलं.