शिक्षण मेळाव्यातील आचार्यपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानाचा आठवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचला आहे. वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या बुद्धिमान मनुष्याने आपल्या कार्याचे गुरुलाघव, त्याचे फल, देश आणि काल यांचा विचार करून प्रथम शास्त्राची परीक्षा करावी व त्यानंतर आचार्याची, असा क्रम तेथे सांगितला आहे. हा क्रम मुखोद्गत असूनही प्रस्तुत लेखकाने कन्येच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी तो उलटा केला आणि त्याची किंमतही मोजली. ही हकीगत सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु दरवर्षी आपल्यापैकी काही स्नेही मुलामुलींना घेऊन पुण्या-मुंबईच्या शिक्षण मेळाव्यांना जातात आणि आदल्या रात्री दूरध्वनी करून ‘तिथे नेमके काय बघायचे?’ असे विचारतात. त्या सर्वांना एकत्रित उत्तर म्हणून हा लेख.

मे २०१८ मधली गोष्ट. कन्येची आंतरवासिता पूर्ण झाली होती. पुण्यातील एका मोठ्या मंगल कार्यालयात पदव्युत्तर शिक्षणाचा मेळावा भरला होता. सकाळी अकरा ते सायंकाळी चार आम्ही बापलेक स्टॉलमागून स्टॉल पाहत हिंडलो. परत निघालो तेव्हा दोघांच्या खांद्यांना कापडी पिशव्या होत्या आणि त्यांत गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रकांचे ओझे. वसतिगृहाची चित्रे होती, सभागृहाची होती, बागेतल्या धन्वंतरीच्या मूर्तीची होती. विभागात शिकवते कोण, हे मात्र बहुतेक पत्रकांत शोधूनही सापडेना.

त्यातच एका टेबलामागील चुणचुणीत तरुणाने आम्हाला थांबविले. ‘सर, कायचिकित्सा ना? जागा आजच धरून ठेवतो. पंचवीस हजार भरा, बाकीचे प्रवेशाच्या वेळी. परीक्षा काय, ती औपचारिकता असते.’ चाळीस वर्षे नाडी पाहणाऱ्या माणसाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पैसे भरले! कन्येनेही मग परीक्षेचा अभ्यास निम्म्यावर आणला. गुण अर्थातच अपुरे पडले आणि जागा मिळाली नाही. पावती काढून पाहिली तर तीवर ‘समुपदेशन शुल्क’ एवढेच शब्द होते. जागेचा उल्लेखही नव्हता. पैसे गेले त्याचे फारसे वाटले नाही. मुलीचे एक वर्ष गेले, त्याचे वाटले.

ही चूक अज्ञानातून झाली, हे मान्य केले पाहिजे. आमच्या काळातील प्रवेशपद्धती डोक्यात ठेवून आम्ही गेलो होतो. २०१७ पासून आयुष पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘एआयएपीजीईटी’ ही अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली आहे. १२० प्रश्न, १२० मिनिटे, ४८० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, असे तिचे स्वरूप राहिले आहे. परदेशी विद्यार्थ्यांसारखे अपवाद सोडले तर एम.डी. वा एम.एस. (आयुर्वेद) या पदवीचा प्रवेश शासकीय, अनुदानित वा खासगी, कोणत्याही महाविद्यालयात याच गुणांवर होतो. व्यवस्थापन कोट्याची जागाही त्यातून सुटत नाही. केंद्रीय कोट्याच्या फेऱ्या आयुषची केंद्रीय समुपदेशन समिती घेते आणि आपल्या राज्याच्या फेऱ्या सीईटी कक्ष घेतो. तेव्हा मेळाव्यातील कोणतेही टेबल आयुर्वेदाची जागा ‘धरून’ ठेवू शकत नाही. जो तसे सांगतो त्याला नमस्कार करून पुढे जावे.

मग मेळाव्याला जावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. मलाही वर्षभर तसेच वाटत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा तसाच मेळावा भरला तेव्हा कन्येनेच आग्रह धरला, पण एका अटीवर. ‘बाबा, आधी घरी बसून ठरवू. तिथे जाऊन ठरवायचे नाही.’

ठरविण्याचा तो रविवार मला अद्याप आठवतो. माझ्या मनात कायचिकित्सा होती, कारण दवाखाना. वडिलांनी लावलेली पाटी, तीन तालुक्यांतून येणारे रुग्ण, हे पुढे कोण पाहणार? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘कायचिकित्सा तुम्हाला हवी आहे. आंतरवासितेत मी सर्वांत रमले ती काकांच्या कारखान्यात.’ काका म्हणजे माझे औषधनिर्माते स्नेही. त्यांच्याकडे ती सुट्टीच्या दिवशी भट्टीपाशी उभी राहत असे, एवढेच मला ठाऊक होते. पुटांची नोंदवही ती स्वतः लिहीत होती, हे त्या दिवशी कळले. दवाखान्याचा विषय मी तिथेच सोडला, असे म्हणणे खरे होणार नाही. दोन-तीन दिवस घरात अबोला होता. परंतु शास्त्रपरीक्षा झाली. विषय ठरला, रसशास्त्र व भैषज्यकल्पना.

विषय ठरल्याबरोबर मेळाव्याचा आकारच बदलतो, हा अनुभव सर्वांनी घेण्याजोगा आहे. पूर्वी शंभर टेबले होती. आता आमच्या कामाची नऊ उरली. त्या नऊ संस्थांना त्या वर्षी त्या विषयात परवानगी आहे काय आणि किती जागांची, हे आम्ही घरीच पाहून ठेवले. तेव्हा ते केंद्रीय परिषदेकडे पाहावे लागे. २०२० च्या कायद्यानुसार परिषदेच्या जागी आता भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला आहे. परवानगीच्या याद्या त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. महाविद्यालय जुने व नामांकित असले तरी प्रत्येक विषयाची परवानगी वेगळी असते, हे विसरू नये. नऊपैकी दोन नावे या पायरीवरच गळली.

रुग्णपरीक्षेत आपण दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही तीन साधने वापरतो. मेळाव्यात पहिली दोन फारशी उपयोगी नाहीत, कारण दिसते ते सजविलेले असते. उरतो तो प्रश्न. पहिला प्रश्न टेबलामागील व्यक्तीस तिच्याचविषयी विचारावा. आपण विभागात शिकवता की प्रवेश कार्यालयात आहात? की संस्थेने नेमलेले बाहेरचे प्रतिनिधी आहात? हे विचारणे उद्धटपणाचे वाटते. मला तर घाम फुटला होता. पण सौम्य शब्दांत विचारल्यास कोणी रागावत नाही. उत्तर मिळाले की पुढले प्रश्न कोणास विचारायचे हे कळते. शुल्क आणि तारखा प्रवेश कार्यालयाच्या माणसास विचाराव्यात, प्रबंधाविषयी अध्यापकास. बाहेरच्या प्रतिनिधीकडून फक्त विभागप्रमुखांचा पत्ता घ्यावा.

रसशास्त्रासारख्या विषयात प्रश्न नेमके असावे लागतात, आणि येथे औषधनिर्मात्या बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्यापैकी अनेकांची मुले हीच पदवी घेऊन कारखान्यात येणार आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या नियम १५७ प्रमाणे उत्पादन पात्र तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे लागते आणि २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’ने उत्तम निर्मितीच्या अटी घातल्या. डिसेंबर २००४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे त्यात म्हटले होते. त्यानंतर निर्यातीच्या वनौषधी कल्पांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. ज्या निर्मात्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको की, भट्टी जाणणारा पण अहवाल वाचता न येणारा तज्ज्ञ कारखान्याला अर्धाच उपयोगी पडतो.

म्हणून कन्येने विचारलेले प्रश्न असे होते. विभागाची स्वतःची रसशाळा आहे काय, आणि गेल्या वर्षी तिच्यात कोणते कल्प प्रत्यक्ष तयार झाले? एचपीटीएलसी यंत्र महाविद्यालयात आहे की नमुने बाहेर पाठवितात? बाहेर पाठवीत असल्यास खर्च कोणाचा? मागील तीन वर्षांच्या प्रबंधांचे विषय सांगता येतील काय? या शेवटच्या प्रश्नाने फार मोठा निवाडा झाला. एका टेबलावरील गृहस्थांनी हसून विषय बदलला. दुसरीकडे एका प्राध्यापिकांनी खुर्ची पुढे सरकवून पंचवीस मिनिटे बोलणे केले आणि मागे लोक खोळंबले असताही वहीत आकृती काढून दाखविली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. ‘आचार्यपरीक्षा’ या शब्दाचा अर्थ मला त्या वेळी नव्याने कळला.

आणखी एक गोष्ट आम्हास योगायोगाने समजली. मोठ्या माणसांबरोबर एक-दोन पदव्युत्तर विद्यार्थी मदतीस आणलेले असतात. पाण्याच्या बाटल्या लावणे, पत्रके वाटणे ही त्यांची कामे. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर चहाच्या गाडीवर उभे असतात. विद्यावेतन दरमहा खात्यात जमा होते काय, मार्गदर्शकांकडे किती विद्यार्थी आहेत, बाह्यरुग्ण विभागात रुग्ण खरोखर किती आणि वहीत किती, ही उत्तरे तेथे मिळतात. पालकांनी मात्र तेव्हा दूर उभे राहावे. मी जवळ गेलो तेव्हा ते सर्व ‘सर’ म्हणून गप्प झाले.

परदेशी संस्थांच्या दालनाविषयी थोडे. आपली पदवी घेऊन इंग्लंड-अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळत नाही, आणि अमेरिकेच्या ‘यूएसएमएलई’ परीक्षेलाही आपले स्नातक पात्र नाहीत. हे दालनात कोणी आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय प्रशासन, चिकित्सा-संशोधन असे मार्ग खुले असतात आणि ते चांगलेही आहेत; सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे मुंबई, पुणे, गांधीनगर येथेही मिळते, त्याचा विचार आधी करावा. अमेरिकेतील अशा अभ्यासक्रमाला ‘सीईपीएच’ची मान्यता आहे काय हे विचारावे. अनेक विद्यापीठे विद्यार्थी आणणाऱ्या एजंटास दलाली देतात. त्यात बेकायदा काही नाही, परंतु ‘विनामूल्य मार्गदर्शन’ कोणाच्या खर्चाने होते हे त्यावरून ध्यानात यावे. अमेरिकन शासनाच्या ‘एज्युकेशन यूएसए’ केंद्रांचे समुपदेशक मात्र अशी दलाली घेत नाहीत. विवाहित वैद्यभगिनींसाठी एक इशारा. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून व्याख्यानाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती वा अपत्य अवलंबित म्हणून सोबत नेता येत नाही. ओळखीच्या एका कुटुंबास हे शुल्काचा पहिला हप्ता भरल्यावर कळले.

मेळावा संपतो तेथे खरे काम सुरू होते. त्या दिवशी रात्री एस.टी.त बसल्याबसल्या कन्येने प्रत्येक टेबलाखाली चार ओळी लिहून काढल्या. दुसऱ्या दिवशी चेहरे आणि उत्तरे यांची सरमिसळ होते. माहितीपत्रके आम्ही या वेळी दोनच आणली. आठवड्याच्या आत तिने त्या प्राध्यापिकांना ई-पत्र पाठविले. त्यात स्तुती नव्हती, ‘मार्गदर्शन करावे’ असे मोघम वाक्यही नव्हते. त्यांनी वहीत काढलेल्या आकृतीविषयी एक शंका होती, आणि काकांच्या कारखान्यातील शंखभस्माच्या पुटांचा एक अनुभव होता.

नऊ दिवस उत्तर आले नाही. दहाव्या दिवशी आले ते चार ओळींचे. प्रवेश कोठे मिळेल ते गुणांवर ठरेल, त्यात मला काही करता येणार नाही. परंतु तुमच्या स्नेह्यांकडे पुटांची लेखी नोंद असल्यास पाहावयास आवडेल, असे त्यांनी लिहिले होते. त्या वर्षी जूनमध्ये परीक्षा झाली. अभ्यास या वेळी पूर्ण होता. दुसऱ्या फेरीत त्याच विभागात जागा लागली. रुजू होण्याच्या दिवशी कन्येच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत काकांची नोंदवही होती. तापमानाचा रकाना तीत नव्हता. गोवऱ्यांची संख्या तेवढी होती. पहिल्या सहा महिन्यांत विभागाने तिला तापमानमापक लावून तेच पुट पुन्हा देण्याचे काम दिले.