'द वुल्फ मॅन' (१९४१) : जीर्णोद्धारित आवृत्तीच्या आधारे एक पुनर्विचार

प्रस्तावना :

भयपटांच्या इतिहासात युनिव्हर्सल या अमेरिकन चित्रपटसंस्थेचे स्थान महत्त्वाचे आहे. 'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' हे तिचे दोन गाजलेले चित्रपट १९३१ मध्ये पडद्यावर आले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९४१ मध्ये, जॉर्ज वॅगनर दिग्दर्शित 'द वुल्फ मॅन' प्रदर्शित झाला. अवघ्या ७० मिनिटांच्या या कृष्णधवल चित्रपटाने वृकमानवाची, म्हणजेच लांडग्यात रूपांतरित होणाऱ्या मनुष्याची, जी प्रतिमा घडवली ती आजही लोकमानसात टिकून आहे. घरगुती माध्यमांत हा चित्रपट १९९९ व २००४ मध्ये डीव्हीडीवर, २०१२ मध्ये ब्लू-रेवर आणि २०२१ मध्ये फोर-के स्वरूपात आला. चित्र जसजसे स्पष्ट होत गेले, तसतसे त्याविषयीचे काही रूढ समज तपासून पाहणे शक्य झाले. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

उद्दिष्टे :

१. चित्रपटाच्या जीर्णोद्धाराची प्रक्रिया व तिच्या मर्यादा समजून घेणे.
२. 'द वुल्फ मॅन'मधील तथाकथित लोकपरंपरेचे स्वरूप तपासणे.
३. अध्यापनासाठी चित्रपटाची प्रत निवडताना घ्यावयाच्या दक्षतेचा विचार करणे.

कथासूत्र :

थोरल्या भावाच्या अपघाती मृत्यूनंतर लॅरी टॅलबट अठरा वर्षांनी वेल्समधील आपल्या वडिलोपार्जित वाड्यात परततो. गावातील एका दुकानातून तो लांडग्याच्या मुखाची चांदीची मूठ असलेली काठी विकत घेतो. एका रात्री तरुणीवर झडप घालणाऱ्या लांडग्याला तो या काठीने ठार करतो. परंतु तेथे बेला नावाच्या जिप्सी भविष्यवेत्त्याचे प्रेत सापडते. या झटापटीत चावा बसलेला लॅरी स्वतः वृकमानव होतो. अखेरीस, समोर कोण आहे हे न ओळखता, त्याचे वडील सर जॉन त्याच काठीने त्याचा वध करतात. लॉन चेनी ज्युनिअर यांनी लॅरीची, क्लॉड रेन्स यांनी सर जॉन यांची, बेला लुगोसी यांनी बेलाची, तर मारिया उस्पेन्स्काया यांनी बेलाची आई मलेवा हिची भूमिका केली आहे.

जीर्णोद्धार म्हणजे काय?

त्या काळातील चित्रपट नायट्रेट फिल्मवर चित्रित होत असत. ही फिल्म ज्वलनशील असते आणि योग्य तापमान न मिळाल्यास हळूहळू कुजते. पुणे येथे जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या भारतीय चित्रपटांच्या नायट्रेट प्रती नष्ट झाल्या. यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

जीर्णोद्धारात प्रथम उपलब्ध प्रतींपैकी सर्वोत्तम प्रत निश्चित केली जाते. त्यानंतर तिच्या प्रत्येक चौकटीची डिजिटल प्रतिमा घेतली जाते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने ७० मिनिटांच्या चित्रपटात सुमारे १,००,८०० चौकटी होतात. धूळ, ओरखडे, प्रकाशाची लकलक व ध्वनीतील खरखर दूर करणे हा पुढील टप्पा होय. मात्र येथे एक धोका संभवतो. फिल्मवरील बारीक कण हा दोष नसून प्रतिमेचे द्रव्यच आहे. सफाईच्या अतिरेकात कण पुसले गेल्यास त्यांच्याबरोबर त्वचा, वस्त्र व धुके यांचा पोतही नाहीसा होतो. हस्तलिखिताची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या संपादकाने लेखकाची भाषा 'सुधारू' नये, हा पाठचिकित्सेतील दंडक येथेही तितकाच लागू पडतो.

स्पष्ट प्रतीतून काय दिसते?

जोसेफ व्हॅलेंटाइन यांच्या छायाचित्रणातील धुक्याने भरलेले अरण्य हे या चित्रपटाचे बलस्थान आहे. डीव्हीडीच्या प्रत्येक चौकटीत ७२० × ४८० बिंदू असतात, तर फोर-केमध्ये ३८४० × २१६० बिंदू सामावतात. करड्या रंगाच्या ज्या सूक्ष्म छटांनी धुके घडते, त्या कमी क्षमतेच्या प्रतीत एकमेकींत मिसळतात व धुक्याचे पांढरट पट्टे होतात. स्पष्ट प्रतीत मात्र धुक्याला खोली प्राप्त होते.

याउलट, जॅक पिअर्स यांनी रंगभूषेसाठी वापरलेले याकचे केस आणि कृत्रिम नाकही आता लपत नाही. त्यामुळे भयाची तीव्रता उणावते, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. परंतु या चित्रपटातील भय केवळ मुखवट्यावर अवलंबून नाही. लॅरीच्या पहिल्या रूपांतरात चेहरा बदलताना दाखवलेलाच नाही. एकात एक विरघळणाऱ्या चित्रांतून फक्त पाय बदलतात. चेहऱ्याचे रूपांतर दिसते ते शेवटी, आणि तेही उलट दिशेने : मृत लांडग्याचा चेहरा मनुष्याचा होतो व पित्याला आपला पुत्र दिसतो. म्हणजे रूपांतराचा क्षण येथे शोकाचा क्षण आहे. स्पष्ट प्रतीत क्लॉड रेन्स यांच्या मुद्रेवरील बदल अधिक ठळकपणे जाणवतो. त्यामुळे हा चित्रपट मूलतः पिता-पुत्राची शोकांतिका आहे, हे मत बळकट होते.

लोकपरंपरा की नवनिर्मिती?

मनुष्य लांडगा होतो ही कल्पना प्राचीन आहे. रोमन कवी ओव्हिड याने लांडगा झालेल्या लायकाऊन राजाची कथा सांगितली आहे. परंतु चित्रपटातील पात्रे जे चार ओळींचे पद्य वारंवार म्हणतात आणि जे अनेकांना जुने जिप्सी लोकगीत वाटते, ते पटकथाकार कर्ट सिओडमॅक यांची स्वतःची रचना आहे. पौर्णिमेचा नियमही या मूळ पद्यात नाही. त्यात बचनागाच्या कुळातील वनस्पतीचा बहर आणि शरदातील चंद्र यांचा उल्लेख आहे. पूर्णचंद्र आला तो १९४३ च्या पुढील चित्रपटात, पद्यातील शब्द बदलून. चांदीने येणारा मृत्यूही लोकप्रिय कल्पनेत पक्का झाला तो मुख्यतः या चित्रपटामुळेच. तात्पर्य, परंपरा म्हणून सांगितले जाणारे बरेच काही एका लेखकाच्या मेजावर जन्मास आले आहे.

ताऱ्याची खूण :

सिओडमॅक यांचा जन्म १९०२ मध्ये ड्रेस्डेन येथे ज्यू कुटुंबात झाला. नाझी सत्तेवर आल्यानंतर १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली व १९३७ मध्ये ते अमेरिकेत आले. चित्रपटात वृकमानवाला आपल्या पुढील भक्ष्याच्या तळहातावर तारा दिसतो. काही समीक्षक या खुणेचा संबंध ज्यूंवर लादलेल्या ताऱ्याशी जोडतात. जर्मनीत ही सक्ती सप्टेंबर १९४१ मध्ये आली. व्याप्त पोलंडमध्ये ती १९३९ च्या अखेरीसच सुरू झाली होती. मात्र चित्रपटातील तारा पंचकोनी आहे, षट्कोनी नाही. त्यामुळे थेट रूपकाचा दावा जपूनच करावा लागेल. अधिक भक्कम पुरावा चित्रपटाच्या रचनेत आहे. चर्चमध्ये शिरणाऱ्या लॅरीकडे सारे उपस्थित वळून पाहतात आणि तो आल्यापावली परततो. ज्या समाजात कालपर्यंत आपले स्थान होते, त्यानेच एकाएकी परके ठरवावे, हा अनुभव निर्वासित लेखकाला अपरिचित नव्हता. चित्रपटाच्या अखेरीस गावातील अधिकारी सारा प्रसंग सोयीस्कररीत्या निराळाच सांगतो. सत्य जाणणारी मलेवा मात्र जिप्सी आहे आणि तिचे म्हणणे कोणी विचारत नाही, ही बाबही लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

१. जीर्णोद्धारित प्रत ही चित्रपटाची एक संपादित आवृत्ती असते. म्हणून अध्यापनात चित्रपटाच्या नावाबरोबर आवृत्तीचे वर्षही नोंदवले पाहिजे.
२. स्पष्ट चित्रामुळे कृत्रिमता उघड होते. परंतु तीतूनच निर्मितीचे तंत्र अभ्यासता येते.
३. लोकपरंपरा म्हणून समोर येणाऱ्या सामग्रीचा उगम तपासल्याशिवाय ती विद्यार्थ्यांना परंपरा म्हणून सांगू नये.

पुसट प्रतीवरून बनलेली मते वर्गात पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहतात. उत्तम प्रत उपलब्ध झाल्यावर ती मते पुन्हा तपासणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. 'द वुल्फ मॅन'ची जीर्णोद्धारित आवृत्ती ही संधी देते.