रणगाड्यातील पडदा आणि सैनिकाचे शिक्षण

५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेस घडलेली एक दुर्घटना लष्करी शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. नंतर प्रसिद्ध झालेल्या हकिगतीनुसार, विमानांना लक्ष्य दाखवून देणाऱ्या एका अमेरिकी जवानाच्या हातातील यंत्रावर तालिबानी ठाण्याचे अक्षांश-रेखांश आले होते. तेवढ्यात यंत्राची बॅटरी संपली. त्याने नवी बॅटरी बसविली, पडद्यावर पुन्हा आकडे उमटले आणि ते विमानाला कळविण्यात आले. बॅटरी बदलल्यावर ते यंत्र लक्ष्याचे नव्हे, तर स्वतः जेथे आहे तेथलेच स्थान दाखविते, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्या ध्यानात आली नाही. २,००० पौंडी बॉम्ब सांगितलेल्या जागी अचूक पडला. ती जागा स्वकीयांची होती. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे कित्येक अफगाण सहकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी बॉन येथील परिषदेत अफगाणिस्तानच्या हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून निवडले गेलेले हमीद करझाई या स्फोटात थोडक्यात बचावले.

यंत्र बिघडलेले नव्हते. विमान चुकले नव्हते. माणूसही निष्काळजी होता असे म्हणता येत नाही. जे यंत्र त्याच्या हाती दिले होते, त्याच्या एका सवयीची त्याला लढाईच्या धांदलीत आठवण राहील इतकी घोटून तालीम मात्र झालेली नव्हती. ते यंत्र तळहाताएवढे होते. आता त्याहून कितीतरी पटींनी गुंतागुंतीची यंत्रे रणगाड्यांत, चिलखती गाड्यांत आणि साध्या मालमोटारींतही बसविली गेली आहेत. म्हणूनच ती चालविण्याचे शिक्षण हा केवळ कळा दाबण्याचा प्रश्न उरलेला नाही.

धूर आणि धूळ

या यंत्रांचा जन्म एका जुन्या वेदनेतून झाला. १९९१ च्या आखाती युद्धात लढाईत मारल्या गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ चतुर्थांश, म्हणजे ३५ जण, आपल्याच बाजूच्या माऱ्याला बळी पडले. वाळवंटात, रात्रीच्या वेळी, दूरवरून दिसणारा रणगाडा आपला की शत्रूचा, हे ओळखणे कठीण झाले होते. आपण कोठे आहोत, आपले सोबती कोठे आहेत आणि शत्रू कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाहनात मिळाली, तर असे अनर्थ टळतील, या विचाराने अमेरिकी लष्कराने ब्रिगेड व त्याखालच्या तुकड्यांसाठी संगणकीय रणनियंत्रण प्रणाली विकसित करण्यास १९९० नंतरच्या दशकात प्रारंभ केला. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथील वाळवंटी प्रशिक्षण केंद्रावर अशा संगणकांनी सज्ज केलेल्या ब्रिगेडची चाचणी झाली. तेथे कायम शत्रूची भूमिका करणारी एक मुरलेली रेजिमेंट असते. तिच्याशी झालेल्या लुटुपुटीच्या लढायांत नव्या ब्रिगेडची मारकशक्ती वा तग धरण्याची शक्ती लक्षणीय वाढल्याचे दिसून आले नाही. पडदे नवे होते. ते वापरणारे हात त्यांना अजून सरावलेले नव्हते. उलट प्रतिपक्षाला तेथील टेकडी न् टेकडी तोंडपाठ होती.

या प्रणालीचे काम सांगायला सोपे आहे. गाडीतील यंत्र उपग्रहांवरून स्वतःचे स्थान जाणते आणि रेडिओ किंवा उपग्रहामार्फत ते इतरांना कळविते. पडद्यावरील नकाशावर आपली प्रत्येक गाडी निळ्या खुणेने दिसते. लेखी निरोप, जखमींना हलविण्याची मागणी, तोफखान्याला माऱ्याची विनंती, पुढे सुरुंग पेरले असल्याचा इशारा, हे सारे याच पडद्यावरून जाते-येते. बोलून दिलेला आदेश गोंगाटात चुकीचा ऐकला जाऊ शकतो. लिहून आलेला पुन्हा वाचता येतो. हा लाभ लहान नव्हे.

निळ्या खुणा, तांबड्या खुणा

परंतु खरी मेख येथेच आहे. निळ्या खुणा आपोआप सरकतात. शत्रूच्या तांबड्या खुणा आपोआप उमटत नाहीत. कोणीतरी शत्रू डोळ्यांनी पाहावा लागतो, किंवा अन्य मार्गाने त्याची खबर लागावी लागते आणि ती कोणीतरी नोंदवावी लागते. नोंद झाल्यावर शत्रू तेथून हलला, तरी कोणी पुसेपर्यंत खूण तेथेच राहू शकते. याचा अर्थ असा की पडद्यावर तांबडी खूण नसणे म्हणजे शत्रू नसणे नव्हे, आणि ती असणे म्हणजे शत्रू तेथे अजून असणेही नव्हे. निळ्या खुणांचीही गत अगदी निर्धास्त नाही. गाडी ठरावीक अंतर कापल्यावर किंवा ठरावीक वेळ गेल्यावर आपले स्थान कळविते. उपग्रहमार्गे येणारी वार्ता सुरुवातीच्या यंत्रांत काही वेळा मिनिटांनी उशिरा पोचत असे. धावत्या रणगाड्याच्या बाबतीत काही मिनिटे म्हणजे काही किलोमीटर. ज्या गाडीत यंत्रच नाही, ती तर पडद्यावर अवतरतच नाही. आणि ती आपली असू शकते.

या प्रणालीच्या चालकांसाठी अमेरिकी लष्करात साधारणतः ४० तासांचा वर्ग घेतला जात असे. एका आठवड्यात यंत्र सुरू करणे, नकाशा बदलणे, निरोप पाठविणे, शत्रूची खूण नोंदविणे आणि गाडी शत्रूच्या हाती पडण्याची वेळ आल्यास साठविलेली माहिती पुसून टाकणे, एवढे शिकविता येते. नव्या पिढीच्या जवानाला पडदा आणि कळफलक यांचे भय नसते, त्यामुळे तो हे झटकन आत्मसातही करतो. या झटपटपणामुळेच वरिष्ठांचा गैरसमज होतो की शिक्षण पुरे झाले. वस्तुतः संगणकावरील कौशल्य नाशवंत असते, हे लष्करी प्रशिक्षकांनाच अनुभवाने कळून चुकले आहे. बंदुकीची साफसफाई एकदा हाताला बसली की बसते. पडद्यावरील एकाखाली एक दडलेल्या याद्यांचा क्रम काही आठवडे हात लागला नाही की विसरला जातो. त्यातच जवानांच्या बदल्या होतात, प्रणालीची नवी आवृत्ती येते आणि गेल्या वर्षी तरबेज असलेली तुकडी यंदा पुन्हा नवशिकी ठरते.

म्हणून खरे शिक्षण वर्गाबाहेर सुरू होते. हादरणाऱ्या गाडीत, रात्री, हातमोजे घातलेले असताना, कानात दोन रेडिओ बोलत असताना तोच निरोप पाठविता आला पाहिजे. गाडीप्रमुखाने पडद्यात डोके खुपसून बसायचे किती आणि झाकणाबाहेर डोके काढून पाहायचे किती, याचा मेळ सरावानेच बसतो. चांगला प्रशिक्षक पडद्यावर मुद्दाम शिळी खूण ठेवतो, यंत्र अचानक बंद करतो आणि विचारतो, "आता तू कोठे आहेस?" या प्रश्नाचे उत्तर कागदी नकाशावर बोट ठेवून देता आले, तरच तो जवान पडदा वापरण्यास लायक झाला असे समजावे.

शिक्षणाची गरज केवळ शिपायाला असते असेही नाही. पूर्वी कर्नलला पुढच्या गाडीचे नेमके स्थान ठाऊक नसे; म्हणून तो आपला हेतू सांगे आणि तपशील कनिष्ठांवर सोपवी. आता प्रत्येक गाडी त्याच्या पडद्यावर मुंगीसारखी सरकताना दिसते. तिला डावीकडे वळ, उजवीकडे वळ, असे सांगण्याचा मोह अनावर होतो. हा मोह आवरणे हेही शिकावेच लागते. आणि ते शिकविणारा वर्ग ४० तासांत संपत नाही.

इराकमधील परीक्षा

मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले, तेव्हा त्याआधीच्या थोड्याच काळात घाईघाईने हजाराहून अधिक वाहनांत व हेलिकॉप्टरांत हे पडदे बसविण्यात आले होते. त्यांचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मार्चच्या अखेरीस उठलेल्या प्रचंड वाळूच्या वादळात हातभर अंतरावरचे दिसत नसताना अनेक तुकड्या या निळ्या खुणांच्या आधारे एकमेकींचा माग ठेवू शकल्या.

मात्र याच मोहिमेत यंत्राच्या दोन्ही मर्यादा उघड झाल्या. २३ मार्च रोजी दुरुस्ती कंपनीचा एक ताफा एका फाट्यावर वळण चुकून नासिरिया शहरात शिरला. लांबच लांब काफिल्याच्या शेपटीला असलेले, कित्येक तासांचे जागरण झालेले ते ३३ सैनिक होते. त्यांतील ११ जण मृत्युमुखी पडले. लढाऊ तुकड्यांना मिळालेला पडदा या मेकॅनिकांच्या ताफ्याला मिळालेला नव्हता. पुढे २ एप्रिलला बगदादच्या नैर्ऋत्येस युफ्रेटिसवरील पूल लेफ्टनंट कर्नल अर्नेस्ट मार्कोन यांच्या रणगाडा बटालियनने काबीज केला. त्या रात्री इराकी सैन्याने प्रतिहल्ला चढविला, तेव्हा स्वतःच्या गाड्या कोठे आहेत हे मार्कोन यांना नीट दिसत होते. येणाऱ्या शत्रूची पुरेशी पूर्वसूचना मात्र मिळालेली नव्हती. हल्ला परतविला तो समोर दिसेल त्या शत्रूशी लढण्याच्या जुन्या तालमीने. पहिल्या प्रसंगात यंत्राचा अभाव नडला, दुसऱ्यात यंत्र असूनही लढाई माणसालाच लढावी लागली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ब्रिटिशांचा अनुभवही बोलका आहे. त्यांची 'बोमन' ही नवी संपर्क व नियंत्रण प्रणाली २००४ पासून सैन्यात आली. तिचे वजन, बॅटऱ्या आणि गुंतागुंत यांना कंटाळलेल्या सैनिकांनी तिच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ लावला, 'याहून नकाशा आणि नोकिया बरा'. शिपायाच्या थट्टेत बहुधा शिपायाचे गाऱ्हाणे असते. ज्या यंत्रावर त्याचा विश्वास नाही, ते तो संधी मिळताच बंद करून ठेवतो. मग कोट्यवधी खर्चून बसविलेला पडदा गाडीतील एक अडगळ होतो.

पडदा विझला तर

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. युक्रेनमधील युद्धाने दाखवून दिले की उपग्रहांवरून येणारे संकेत गढूळ करणे ही आता अपवादात्मक बाब राहिलेली नाही. शिवाय जे यंत्र बोलते ते ऐकलेही जाते. रेडिओलहरींचा माग काढून तोफा डागल्या जातात. केव्हा बोलावे याइतकेच केव्हा गप्प राहावे हेही आता शिकवावे लागते. अमेरिकी नौदलाच्या अकादमीने ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढण्याचे बंद केलेले शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले, ते उगाच नव्हे. जुनी विद्या टाकून नवी घ्यायची नसते. नवी कोसळेल त्या क्षणासाठी जुनी जपायची असते.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. भारतीय लष्कराच्या रणगाडा दलाचे शिक्षण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथील केंद्रात होते आणि तोफखान्याचे नाशिकजवळ देवळालीत. तोफखान्यासाठी 'शक्ती' ही संगणकीय नियंत्रण प्रणाली देशातच तयार झाली. पायदळ व चिलखती दलांसाठी आखलेली रणव्यवस्थापन प्रणालीची मोठी योजना मात्र मध्येच आवरती घेण्यात आली. अशी यंत्रे आज ना उद्या आपल्या प्रत्येक रणगाड्यात येतील. दुसऱ्यांनी रक्त सांडून मिळविलेला अनुभव आपल्याला फुकट उपलब्ध असताना तेच धडे पुन्हा तशीच किंमत देऊन शिकण्याचे कारण नाही.

दुर्दैवाने यंत्रखरेदी ही दिसणारी गोष्ट आहे. तिचे करार होतात, संचलनात ती मिरविता येते. प्रशिक्षणाचे तास, त्यांसाठी लागणारे इंधन, मुरलेले प्रशिक्षक आणि दर काही महिन्यांनी होणारी उजळणी ही कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यांवरच चालते. मग यंत्रे आधी येतात आणि शिक्षण वरातीमागून घोड्यासारखे येते. हा क्रम उलटा केला पाहिजे. यंत्राच्या किमतीतच ते शिकविण्याची आणि पुनःपुन्हा शिकविण्याची किंमत धरली गेली पाहिजे. लढाऊ तुकडीइतकाच तिच्यामागून येणाऱ्या रसद आणि दुरुस्तीच्या ताफ्याचाही त्यावर हक्क मानला पाहिजे. ज्या जवानाला आपण पडद्यावर विसंबून पुढे जा असे सांगतो, त्याला तो पडदा केव्हा खोटे बोलतो हे सांगणे, ही त्याला रणात धाडणाऱ्यांची जबाबदारी आहे.